पदवी कशासाठी? उपाधीसाठी की उपचारासाठी?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक पत्र काढले. फिजिओथेरपिस्टांनी आपल्या नावाआधी 'डॉ.' ही उपाधी लावू नये, त्यामुळे रुग्णांची दिशाभूल होते, असा त्या पत्राचा आशय होता. दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेण्यात आले. गंमत अशी की, त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने त्यांना ही उपाधी लावण्याची मुभा दिली होती. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले आणि चोवीस तासांत पुन्हा परत केले गेले! या वादात न्याय कोणाच्या बाजूला आहे, याचा निर्णय संबंधित यंत्रणा व न्यायालये करतील. मात्र त्या दोन दिवसांत जी चर्चा झाली, ती नावाआधीच्या एका अक्षराची झाली. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे करण्यासाठी महिनोन् महिने कोण झटते, याची चर्चा मात्र कोणी केली नाही.

सरकारी पत्रातील हा गोंधळ आकाशातून पडलेला नाही. बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागलेल्या प्रत्येक मध्यमवर्गीय घरात दर जूनमध्ये तो पाहावयास मिळतो. मुलाला किंवा मुलीला आरोग्याच्या क्षेत्रात जावयाचे आहे, एवढे ठरलेले असते. पण कोणत्या कामासाठी जावयाचे, हा प्रश्न विचारलाच जात नाही. विचारला जातो तो एकच प्रश्न : 'डॉक्टर' होता येईल ना?

आकडे डोळे उघडणारे आहेत. २०२४ साली 'नीट' परीक्षेसाठी चोवीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. त्यांतील सुमारे तेरा लाख 'पात्र' ठरले. देशभरातील एमबीबीएसच्या जागा मात्र एक लाखाच्या थोड्याच वर. त्यांतही ज्यांचे शुल्क सामान्य कुटुंबाला परवडेल, अशा शासकीय महाविद्यालयांतील जागा निम्म्याच्या आसपास. खुल्या प्रवर्गासाठी पात्रता म्हणजे पन्नासावा पर्सेंटाइल. २०२५ साली तो ७२० पैकी १४४ गुणांवर आला. म्हणजे 'आमचा मुलगा नीट पास झाला' या वाक्याने पेढे वाटता येतात, प्रवेश मिळत नाही. तरीही एक वर्ष थांबावयाचे, लातूरला किंवा कोटाला पाठवावयाचे, मग दुसरे वर्ष, प्रसंगी तिसरे, हा क्रम अनेक घरांत चालू राहतो. ज्यांच्याकडे पैसा आहे ते अभिमत विद्यापीठांकडे वळतात, जेथे संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च कोटीच्या घरात जातो. ज्यांच्याकडे तेवढा नाही ते परदेशाची वाट धरतात. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्धाचा भडका उडाला आणि 'ऑपरेशन गंगा' मोहिमेतून बावीस हजारांहून अधिक भारतीयांना परत आणावे लागले, तेव्हा आपली इतकी मुले तेथे वैद्यक शिकत होती, हे अनेकांना प्रथमच कळले. अशा विद्यार्थ्यांना परतल्यावर जी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात बरेचदा चार-पाच जणांत एकच उत्तीर्ण होतो. जाहिरातदार संस्था ही गोष्ट पालकांना सांगत नाहीत.

एमबीबीएस हाती लागले नाही की जिना उतरण्यास प्रारंभ होतो. आधी दंतवैद्यक, मग आयुर्वेद, मग होमिओपॅथी, मग फिजिओथेरपी आणि सर्वांत खाली परिचर्या, म्हणजे नर्सिंग. प्रवेशप्रक्रियेच्या पसंतिक्रमात बहुतेक घरे हा जिना जसाच्या तसा उतरवून काढतात. या जिन्याची मोजपट्टी कोणती? वेतनाची नव्हे, रोजगाराच्या खात्रीची नव्हे, देशाच्या गरजेची तर मुळीच नव्हे. पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नावाआधी 'डॉ.' लागते की नाही, आणि लागल्यास ते ऐकून समोरचा किती चाचपडत 'कुठले डॉक्टर?' असे विचारतो, एवढीच ती मोजपट्टी आहे. लग्नपत्रिकेतील नावाची शोभा आणि स्थळांच्या यादीतील भाव यांपायी अठरा वर्षांच्या मुलाचे पुढील चाळीस वर्षांचे आयुष्य ठरावे, ही गोष्ट सुशिक्षित म्हणविणाऱ्या समाजास भूषणावह नाही.

वस्तुतः आरोग्यक्षेत्रातील पदवी हा कायद्याने दिलेला कामाचा अधिकार असतो. कोणती पदवी घेतली असता कोणते काम करण्याची मुभा मिळते, त्या कामाची नोंदणी कोणत्या परिषदेकडे होते आणि ती नोंदणी राज्याबाहेर चालते की नाही, हे तीन प्रश्न प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी विचारावयास हवेत. या प्रश्नांची उत्तरे न शोधल्यामुळे सर्वाधिक हानी कोणाची झाली असेल, तर ती आयुर्वेदाची.

हे विधान काहींना बोचेल, पण ते टाळण्यात अर्थ नाही. आयुर्वेदाविषयी आपल्याकडे अभिमानाने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण बीएएमएसच्या प्रथम वर्षाच्या वर्गातील मुलांना ते तेथे का आले, असे विचारले तर किती जण आयुर्वेदासाठी आलो असे सांगतील? मोठा वर्ग एमबीबीएस हुकल्यामुळे आलेला असतो. साडेचार वर्षे अभ्यास आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण करून तो बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप आणि लेखणीच्या टोकावर प्रतिजैविके असतात. संहितांचे अध्ययन पहिल्या वर्षाच्या परीक्षेबरोबर संपलेले असते. शहरांतील अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी डॉक्टर म्हणून आयुर्वेद व होमिओपॅथीचेच पदवीधर काम करतात, हे उघड गुपित आहे. त्यांना एमबीबीएसपेक्षा कमी वेतन द्यावे लागते, हेच त्याचे कारण.

महाराष्ट्रात आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची मर्यादित मुभा आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमाची वाट काढण्यात आली आणि तिच्यावरून आजतागायत वाद चालू आहेत. १९९८ साली मुख्तियार चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, अशी मुभा ज्या राज्याच्या कायद्याने दिली असेल, त्याच राज्यात ती चालते. म्हणजे ज्या अधिकाराच्या भरवशावर पालक मुलाला आयुर्वेदाला घालतात, तो राज्याची सीमा ओलांडताच पातळ होतो. २०२० सालच्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य तंत्राच्या वैद्यांना ५८ शस्त्रक्रियांची अनुमती दिली, तेव्हा आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी देशव्यापी बंद पाळला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट अनेकांच्या लक्षात राहिली नाही. ती अनुमती त्या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आहे, प्रत्येक बीएएमएस पदवीधरासाठी नव्हे.

आयुर्वेदावर बाहेरून होणारी टीका त्याला फारशी इजा करू शकत नाही. त्यावर उत्तर देता येते. पण नाइलाज म्हणून आलेला आणि मनातून त्या शास्त्राला कमी लेखणारा वैद्य जेव्हा आयुर्वेदाची पाटी लावून त्याखाली सलाइन चढवितो, तेव्हा त्याला उत्तर कोणी द्यावे? ज्याला संस्कृतची गोडी आहे, वनस्पतींची ओळख करून घेण्याची हौस आहे, जुनाट विकारांच्या रुग्णाला महिनोन् महिने सांभाळण्याचा संयम आहे, त्याने आयुर्वेद पहिल्या क्रमांकावर लिहावा. केरळमधील कोट्टक्कलची आर्यवैद्यशाला १९०२ पासून उभी आहे, ती अशाच निष्ठेवर. गोव्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा कोकणातील व दक्षिण महाराष्ट्रातील मुलांना घराजवळ मोठी संस्था मिळाली. तेथे जाणाऱ्याने आयुर्वेद शिकण्यासाठीच जावे, एवढेच मागणे आहे.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने चरकसंहितेतील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी होती. आचार्य चरकांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. या चौघांत वैद्याला प्रधान मानले आहे, हे खरे. पण परिचारकाला त्यांनी नोकराच्या जागी बसविलेले नाही. चिकित्सेच्या चार पायांतील तो एक पाय आहे आणि वैद्याप्रमाणेच त्याच्याकडूनही चार गुणांची अपेक्षा आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता हे ते चार गुण. आज परिचर्येच्या कोणत्याही महाविद्यालयाने आपल्या प्रवेशद्वारावर ही यादी लिहावी, त्यात एक शब्द बदलण्याची आवश्यकता नाही.

आणि आपण काय केले? महाराष्ट्रातील पांढरपेशा घरांनी परिचर्येचा व्यवसाय जवळजवळ सोडून दिला. रुग्णाचे मलमूत्र काढावे लागते, रात्रपाळी असते, मुलीचे लग्न जमण्यास अडचण येते, ही कारणे दबक्या आवाजात सांगितली जातात. मुलाने नर्सिंग करावे ही कल्पना तर घरात हसण्यावारी नेली जाते. याच महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथील स्त्रियांना, त्यांतही विधवांना, ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्यात येऊ लागले. उच्चवर्णीय स्त्रीने परक्या रुग्णाला स्पर्श करावा, ही कल्पनाही ज्या काळी सहन होत नव्हती, त्या काळी त्यांनी ते करून दाखविले. शंभराहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या पणत्यांना तेच काम कमीपणाचे वाटावे, याला प्रगती म्हणावे काय?

केरळने हा कमीपणा बाळगला नाही. तेथील सामान्य कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या मुलींना परिचर्येचे शिक्षण दिले. मुंबई-पुण्यातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाऊल ठेवले की मल्याळी परिचारिका भेटते. आखाती देशांतील रुग्णालयेही त्यांच्याच बळावर चालतात. २०१४ साली इराकच्या तिक्रीतमध्ये दहशतवाद्यांच्या तावडीतून ४६ भारतीय परिचारिकांची सुटका झाली, तेव्हा साऱ्या देशाने निःश्वास सोडला. त्यांतील बहुतेक केरळच्या होत्या. घरचे कर्ज फेडण्यासाठी, भावंडांच्या शिक्षणासाठी त्या तेथपर्यंत गेल्या होत्या. आज जर्मनीसारखे देश भारतीय परिचारिकांची वाट पाहत आहेत. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला आणि त्यात परिचर्येचा समावेश आहे. पण करार करून उपयोग काय, पाठवावयास प्रशिक्षित मुले-मुली हव्यात ना? शासनाने २०२३ च्या अर्थसंकल्पात देशभरात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उभारण्याची घोषणा केली. त्याच वर्षी जुन्या परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदाही झाला. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी घेणाऱ्याला पुढे एम.एस्सी., अतिदक्षता, कर्करोग, प्रसूतिशास्त्र अशा वाटा खुल्या असतात.

एक गोष्ट येथे प्रांजळपणे सांगितली पाहिजे. लहान खासगी शुश्रूषागृहांत परिचारिकांना मिळणारे वेतन आजही लाजिरवाणे आहे आणि कित्येक ठिकाणी जेमतेम प्रशिक्षित मुलींना पांढरा गणवेश घालून उभे केले जाते. हे पालकांना दिसते आणि ते बिचकतात, यात त्यांची चूक नाही. शासकीय सेवा, मोठी रुग्णालये आणि परदेश येथील चित्र निराळे आहे. पण त्या चित्राकडे नेणारी पदवी आणि शुश्रूषागृहापर्यंतच पोहोचविणारे सहा महिन्यांचे प्रमाणपत्र यांतील भेद घराघरांत समजावून देणारा कोणी नसतो.

परिचर्येपलीकडेही मोठे जग आहे. कोविडच्या काळात, २०२० व २०२१ साली, प्राणवायू आणि कृत्रिम श्वसनयंत्रे मिळविण्यासाठी देशाने आकाशपाताळ एक केले. यंत्रे आली, आणि अनेक ठिकाणी ती चालविणारी माणसे अपुरी पडली. डायलिसिसचेही तसेच. २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे ही सोय जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली. पण यंत्रासमोर चार तास बसून रुग्णाचा रक्तदाब राखणारा तंत्रज्ञ हा त्या सोयीचा खरा आधार आहे. क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, दृष्टिमापन, वाचा व श्रवण उपचार ही सारी अशीच क्षेत्रे. २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा केला आणि दहा वर्गांत पन्नासाहून अधिक व्यवसायांना प्रथमच राष्ट्रीय पातळीवर ओळख मिळाली. त्या कायद्याने पदवीसाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. 'बारावीनंतर तीन महिन्यांत खात्रीची नोकरी' अशी भित्तिपत्रके चिकटविणाऱ्यांना हा आकडा पालकांनी आवर्जून विचारावा.

या क्षेत्रांचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. आशियातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने. अमेरिकेत जन्मलेल्या, विवाहाने निंबकर झालेल्या या बाईंनी अपंगांच्या पुनर्वसनाचे काम भारतात रुजविले. फिजिओथेरपीचे शिक्षणही केईएममध्येच १९५० च्या दशकाच्या प्रारंभी, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर सुरू झाले. मुंबईचीच अली यावर जंग संस्था १९८३ पासून वाचा व श्रवणाचे तज्ज्ञ घडवीत आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला बोलते करणारा माणूस नावाआधी काय लावतो, याची चौकशी त्या मुलाच्या आईने आजवर केल्याचे ऐकिवात नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तर गावातील साध्या शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटविले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते काम प्रसिद्ध झाले आणि पुढे शासनाने 'आशा' कार्यकर्त्यांच्या कामात ती पद्धत स्वीकारली. प्रशिक्षित हाताची किंमत काय असते, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधावा लागू नये.

आता 'वेलनेस' या नव्या बाजाराविषयी. योगशिक्षक, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, व्यायाम प्रशिक्षक अशा पाट्या शहरांत गल्लोगल्ली दिसू लागल्या आहेत आणि तरुणांना या क्षेत्राचे आकर्षण वाटते, ते स्वाभाविक आहे. येथेच सर्वाधिक सावध राहावयास हवे, कारण येथे पदवी आणि प्रमाणपत्र यांची सरमिसळ सर्वाधिक आहे. योगाचे उदाहरण घ्यावे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, ते योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासण्याच्या ध्यासाने. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधन नियतकालिकही सुरू केले. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या देशात आठवडाभराच्या शिबिरानंतर 'योगोपचारतज्ज्ञ' म्हणून पाटी लावली जावी, ही योगाची विटंबना आहे. योग व निसर्गोपचार यांची बीएनवायएस ही साडेपाच वर्षांची पदवी आहे; पण आयुर्वेद, युनानी, सिद्ध व सोवा-रिग्पा यांच्यासाठी २०२० साली जो राष्ट्रीय आयोग झाला, त्याच्या कक्षेत ही शाखा घेतलेली नाही आणि नोंदणीचे नियम राज्यागणिक बदलतात. प्रवेश घेणाऱ्याने आधी आपल्या राज्यातील स्थिती लेखी विचारून घ्यावी.

मानसशास्त्राचे तेच. बी.ए. मानसशास्त्र केल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी पुढे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले व्यावसायिक शिक्षण लागते. शिवाय मानसशास्त्र, आहारशास्त्र यांसारखे आरोग्याशी संबंधित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून मनाई केली आहे. घरबसल्या पदवी देऊ करणारी जाहिरात दिसली, तर ती कापून ठेवण्याच्या लायकीचीही नाही.

औषधनिर्माणशास्त्राबाबत एकच सांगणे पुरे. १९४८ च्या कायद्यानुसार औषधे देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्राची चौकट आणि प्रमाणपत्राचा धनी दुसऱ्या गावी, असा 'भाड्याचा' व्यवहार करण्यासाठी ही पदवी घ्यावयाची असेल, तर न घेतलेली बरी.

राहता राहिला प्रवेशापूर्वीच्या चौकशीचा भाग. महाविद्यालयाची रंगीत पुस्तिका आणि भव्य इमारत पाहून निर्णय होऊ नये. रुग्णाशिवाय आरोग्यशास्त्र शिकता येत नाही, मग ते एमबीबीएस असो, आयुर्वेद असो वा परिचर्या. म्हणून वडिलांनी आणि मुलाने कामाच्या दिवशी, कोणालाही न कळविता, महाविद्यालयाला संलग्न रुग्णालयात जावे. सकाळी दहा वाजता बाह्यरुग्ण विभागात किती माणसे बसली आहेत, वॉर्डांतील किती खाटा खरोखर भरलेल्या आहेत, ते पाहावे. तपासणीच्या दिवसापुरते 'रुग्ण' आणून झोपविणारी महाविद्यालयेही या देशात आहेत. संबंधित आयोगाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची मान्यता आहे की नाही, हे पाहावे. आयोग दरवर्षी काही महाविद्यालयांची अनुमती रोखतात. मागील तुकडीतील दोन-तीन मुलांना गाठून ते आज काय काम करतात, हे विचारावे. आणि ज्या मुलाने हे शिक्षण घ्यावयाचे आहे, त्याला एखाद्या ओळखीच्या वैद्याकडे, फिजिओथेरपिस्टाकडे किंवा रुग्णालयाच्या वॉर्डात सुट्टीचे आठ दिवस नुसते बसवावे. रक्त पाहून त्याला भोवळ येते की मदतीसाठी त्याचा हात आपसूक पुढे होतो, हे प्रवेश अर्जाच्या मुदतीपूर्वी घरच्यांना कळलेले असावे.